ज्ञानानंद निवासाच्या बावन्न बाऱ्या

आमच्या रिसॉर्टमधून अख्खं कुटुंब पळून गेलं ते सकाळच्या हजेरीच्या वेळी. अकोल्याचे अकरा जण होते. मी रजिस्टर उघडून पहिलं नाव पुकारलं, उत्तर नाही. दुसरं पुकारलं, उत्तर नाही. बत्तीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला अशा शांततेची सवय असते. त्यामुळे मी चिकाटीनं अकराही नावं पुकारली आणि अकरांपुढेही 'गैरहजर' लिहिलं. तेवढ्यात मंजुश्री, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, त्यांची गाडी पण नाही दिसत. एवढे पोहे आता कोण खाईल?"

त्या दिवशी दहा वाजता निरोपाची चाचणी परीक्षा होती. वीस गुणांची, अगदी सोपी. तिच्या भीतीनं अकरा माणसं, त्यात एक सत्तर वर्षांच्या आजीबाई, पहाटे गाडी ढकलत रस्त्यापर्यंत नेतात आणि आवाज होऊ नये म्हणून तिथं गेल्यावर सुरू करतात, हे मला आजही खरं वाटत नाही. पण चाकांचे ठसे होते. आणि त्यांच्या बरोबरीनं पायांचे पण होते.

आता तुम्ही म्हणाल, रिसॉर्टमध्ये परीक्षा कशाला? तर आमचं रिसॉर्ट साधं नव्हतंच. सुलतानपूरहून लोणारकडे जाताना डाव्या हाताला जी पिवळी इमारत दिसते, तिच्यावर तेव्हा पाटी होती, 'ज्ञानानंद शैक्षणिक सुट्टी निवास'. लोक एवढ्या दुरून लोणारचं सरोवर बघायला येतात, वर कठड्यावर उभे राहून फोटो काढतात आणि उल्का म्हणजे काय याचा पत्ता नसताना परत जातात, हे मला सहन होत नव्हतं. सहा खोल्या, एक वर्ग, एक जेवणघर. मुक्काम करा, जेवा, शिका.

खरं कारण सांगू का? बत्तीस वर्षांत माझ्या वर्गात एकही माणूस आपल्या खुशीनं आला नाही. कोणी बापाच्या धाकानं आलं, कोणी हजेरी भरावी म्हणून आलं, एक तर उकाड्यात वर्गातला पंखा चांगला होता म्हणून यायचा. निरोपसमारंभात सगळे माझ्याबद्दल चांगलं बोलले, शाल दिली, नारळ दिला, पण घरी येताना मला एकच गोष्ट खात होती. एकदा तरी कोणीतरी आपल्या पायानं चालत यावं, बाकावर बसावं आणि म्हणावं, "सर, शिकवा." एवढंच. मंजुश्रीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यासाठी इमारत बांधायची?" पण तिनं नाही म्हटलं नाही.

परवानगीची हकीकत थोडक्यात सांगतो, सविस्तर सांगितली तर तुम्हीही पहाटे गाडी ढकलत निघाल. शिक्षणाच्या कचेरीतले साहेब नकाशा बघून म्हणाले, "यात खाटा आहेत. म्हणजे हे हॉटेल." पर्यटनाच्या कचेरीतले साहेब तोच नकाशा बघून म्हणाले, "यात फळा आहे. म्हणजे ही शाळा." मेहकरला आमच्या शेजारी वामनराव राहतात, निवृत्त तलाठी. सरकारी कागदाचं काहीही असलं की ते बोलावल्याशिवाय येतात. ते म्हणाले, "सर, दोन अर्ज करा. खाटांचा येगळा, फळ्याचा येगळा." मी केले. सात महिन्यांनी दोन्ही अर्ज एकमेकांच्या कचेरीत पोचले. वामनराव म्हणाले, "हे चांगलं लक्षण हाय, फाइल हलून राह्यली." हलत हलत ती फाइल कुठं गेली देव जाणे, पण शेवटी जी मंजुरी हातात पडली ती शेतमाल साठवणगृहाची होती.

मी म्हटलं, असू दे. तर महिन्याभरात एक तपासणीस आले आणि विचारू लागले, शेतमाल कुठाय? तेव्हापासून वर्गात पुढच्या बाकावर तुरीची दोन पोती कायमची बसवली. खोटं कशाला सांगू, उपस्थितीच्या बाबतीत सबंध इमारतीत तीच सगळ्यात नियमित होती.

पाहुणे आले, नाही असं नाही. पुण्याचं एक जोडपं आलं, लग्नाचा वाढदिवस साजरा करायला. नवरा मोठा इंजिनिअर. साडेपाचला उठण्याची घंटा, सहाला प्रार्थना, साडेसहाला आकाशनिरीक्षण (ढग असल्यास त्याचीच माहिती), आठला मृदेचे प्रकार, असं आमचं वेळापत्रक होतं. ते त्यांनी दोन दिवस हसत हसत पाळलं. तिसऱ्या दिवशी चाचणीत प्रश्न होता, 'आपण राहिलात त्या खोलीचं क्षेत्रफळ काढा.' इंजिनिअरसाहेबांना वीसपैकी तीन पडले, बाईंना सतरा. मी प्रथेप्रमाणे निकाल फळ्यावर लावला. जाताना बाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि साहेब मागे. पुढच्या आठवड्यात त्यांनी मोबाइलवर आमच्याबद्दल लिहिलं, 'जेवण उत्तम. बाकी आठवी ब.' अकोल्याच्या लोकांनी ते वाचलं होतं की नाही माहीत नाही, पण त्यांच्यानंतर कोणी आलंच नाही.

मी मात्र रोज सकाळी घंटा वाजवत होतो. मंजुश्री एकदा म्हणाली, "तुम्ही म्हणत असाल तर मी बसते वर्गात." मी म्हटलं, "नको. घरची माणसं धरत नाहीत." बोलून गेलो खरा, पण नंतर फार वाईट वाटलं.

अशा दिवसांत एका गुरुवारी शकूरभाई आले.

शकूरभाईंबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, आणि सांगायला लागलो की माझं आवरत नाही, तेव्हा सांभाळून घ्या. आमची जमीन घेतली तिच्यासोबत पलीकडच्या विहिरीत सातवा हिस्सा आला होता. एक विहीर आणि सात हिस्सेदार. सात भावकी-बिनभावकीची माणसं, सात स्वभाव, आणि पाणी तेवढंच. असल्या विहिरींवर आमच्या भागात काय काय होतं ते वामनरावांना विचारा, त्यांची अर्धी नोकरी पंचनामे करण्यात गेली. पण या विहिरीवर वीस वर्षांत आवाज चढला नव्हता, कारण बारी शकूरभाई लावत. बारी म्हणजे पाळी, ज्याचा जो वार त्या दिवशी पाणी त्याचं. विहिरीजवळच्या कडुलिंबाला त्यांनी ओळीनं सात खिळे ठोकलेत आणि एक पत्र्याची चकती केलीय. चकती ज्याच्या खिळ्यावर, पाणी त्याचं. वही नाही, सही नाही. रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर शकूरभाई दुकानावर जाताना चकती एक खिळा पुढं सरकवतात. फाट्यावर त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे आणि दोन एकर वांगी, मिरची.

या माणसाच्या स्वतःच्या मुलीचं, मुबीनाचं लग्न होतं तेव्हा मांडवात पाणी कमी पडलं. त्या दिवशी बारी जीवनची होती. जीवन म्हणजे हिस्सेदारांतला सगळ्यात तरुण आणि सगळ्यात तापट. चकती शकूरभाईंच्याच हातची, कोण विचारणार होतं? पण हे गृहस्थ शेरवानी घालून, अत्तर लावून, वऱ्हाड दारात असताना जीवनच्या घरी गेले आणि म्हणाले, "भाऊ, तुह्या बारीतलं एक घंटा पाणी देतं का?" जीवन म्हणाला, "चाचा, इचारून काऊन राह्यले?" तर हे म्हणाले, "बारी तुही हाय ना." मला ही गोष्ट खुद्द जीवननं सांगितली, आणि सांगताना तो जमिनीकडे पाहत होता.

तर त्या गुरुवारी शकूरभाई आले तेव्हा मी वर्गात एकटाच बसलो होतो. ते तुरीच्या पोत्याशेजारी बसले.

"सर, एक बोलू? राग नाई ना येणार?"

"बोला."

"तुमची इमारत चांगली हाय. माणसं काऊन टिकत नाई सांगू? तुम्ही त्याहिले पाणी पाजून राह्यले, पण तहान लागाची वाट नाई पाहत."

मला राग आला. नाही म्हणून काय उपयोग, आलाच. बी.एस्सी., बी.एड., बत्तीस वर्षं सेवा, आणि मला शिकवण्याची पद्धत मोटर वाइंडिंगवाल्यानं सांगायची! मी चेहरा तास संपतानाचा करून म्हटलं, "मग काय करायचं? बंद करू?"

"बंद काऊन? बारी लावा. पाहा, आमची विहीर एक दिवस रिकामी राहत नाई. काऊन की ज्याची बारी हाय त्याले वाटते, हे माहं हाय. तसं या घराच्या बाऱ्या पाडा. वर्षाचे हप्ते किती?"

"बावन्न आठवडे."

"बावन घरं जोडा. एकेकाले एकेक हप्ता, कायमचा. येवो, झोपो, पोरीचं साक्षगंध करो, बारी त्याची. आला नाई तरी त्याचीच. त्यानं कोणाले देली तं देली."

संध्याकाळी हैदराबादला अर्पिताला, आमच्या मुलीला, फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, याला टाइमशेअर म्हणतात. मोठमोठ्या कंपन्या करतात." मी ते शकूरभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "असं का? त्याहिच्या विहिरीवर बी भांडणं होत असतीन मंग."

टाइमशेअर हा शब्द ऐकून वामनराव मात्र दुसऱ्याच दिवशी धावत आले. त्यांच्या साडूला नागपुरात एका मोठ्या हॉटेलात फुकट जेवायला बोलावून असाच गोव्यातला एक आठवडा गळ्यात मारला होता. नऊ वर्षं झाली, साडू दरवर्षी फोन करतो आणि दरवर्षी त्याला सांगतात की जागा भरली आहे. "सर, तुम्ही शिक्षक माणूस, या धंद्यात पडू नका," वामनराव म्हणाले. शकूरभाई तिथंच होते. त्यांनी विचारलं, "साडूसाहेबाले बारी लावणारा दिसते का?" वामनराव म्हणाले, "नाई, फोनवर एक बाई बोलते." "मंग कसं व्हईन? आपल्याकडे झाड हाय. ज्याले शंका येईन त्यानं येऊन खिळा पाहावा." वामनराव दोन दिवसांनी जावयासाठी दिवाळीचा आठवडा मिळेल का म्हणून हळूच विचारून गेले.

शकूरभाईंच्या शब्दावर माणसं कशी जमली हे मी डोळ्यांनी पाहिलं. मोटर जळाली म्हणून जो दुकानात येई त्याला ते तारा गुंडाळता गुंडाळता सांगत. डोणगावचे किराणावाले हिंमतराव आले, उंद्रीच्या कलाबाई आल्या, चिखलीचे आले, मेहकरचे तर माझेच जुने सहकारी आले, जे शैक्षणिक निवास असताना चुकूनही फिरकले नव्हते. महिना दीड महिन्यात आपापल्या बारीचे पैसे भरून बावन्न घरं झाली. मग वर्गात पहिली सभा भरली. वर्ग तुडुंब! माझ्या आयुष्यात एवढा पट मी पाहिला नव्हता. मी भारावून फळ्याकडे वळलो, खडू उचलला, तर हिंमतराव उभे राहिले आणि खाकरून म्हणाले, "सर, सगळं मंजूर. फक्त एक अट ठरावात लिहा. आमच्या बारीत शिकवाचं नाई."

सगळ्यांनी हात वर केले. बावन्नच्या बावन्न! कोणत्याही प्रश्नाला एवढे हात माझ्या वर्गात कधी वर झाले नव्हते.

ठराव मीच लिहिला, कारण अक्षर माझं चांगलं आहे. 'बारीच्या आठवड्यात सरांनी शिकवू नये.' खाली माझी सही. रात्री जेवताना मंजुश्री म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका." मी म्हटलं, "छे, छे, मला काय त्याचं," आणि भातावर वरण समजून ताक ओतलं.

दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली. 'शैक्षणिक' हा शब्द पुसायला रंगाचे तीन हात द्यावे लागले, आधी रंगवताना मी पक्का रंग वापरा म्हणून बजावलं होतं ना. मग मी कामाला लागलो. वेळापत्रक करण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात सापडणार नाही. बारीचं वर्ष एक जूनपासून धरलं. मोठ्या कागदावर बावन्न चौकटी आखल्या, सणवार, परीक्षा, लग्नतिथी, सोयाबीनची सोंगणी, सगळं बघून कोणाला कुठला आठवडा हे सहा दिवस बसून जमवलं. एकाचीही तक्रार येऊ नये! आली नाहीच. कागद भिंतीवर लावला आणि मंजुश्रीला हाक मारली. तिनं चष्मा लावून पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत बोट फिरवलं.

"छान झालंय. आपला आठवडा कोणता?"

मी पण बोट फिरवलं. वरून खाली फिरवलं, खालून वर फिरवलं. बावन्न घरं, बावन्न आठवडे. जागा माझी, इमारत माझी, निवृत्तीचे सगळे पैसे त्यात गेलेले, आणि मला बारीच नाही! गणिताचा शिक्षक हो मी! मंजुश्री हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

ही बातमी शकूरभाईंना कोणी सांगितली माहीत नाही. ते संध्याकाळी आले, कागदासमोर उभे राहिले आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजू लागले.

"बावन सत्ते किती, सर?"

"तीनशे चौसष्ट," मी म्हटलं, आणि तोंड उघडंच राहिलं.

"एक दिवस उरते. एकतीस मे. लीपच्या वर्षी दोन." ते शांतपणे म्हणाले. "आमच्या विहिरीवर बाऱ्या वाटून जे उरते ते गाळ काढणाऱ्याचं असते. या घराचा गाळ तुम्ही काढला. हा दिवस तुमचा. अन् एक सांगू? ठराव मी वाचला. बारीच्या आठवड्यात शिकवू नये असं हाय. हा दिवस कोणत्याच आठवड्यात येत नाई."

मी बी.एस्सी., बी.एड. आहे हे वर सांगितलंच आहे. त्या क्षणी ते मला जरा कमी वाटलं.

पहिलं वर्ष कसं गेलं ते सांगताना मला मत्सर वाटायला हवा, पण खरं सांगतो, कौतुकच वाटतं. त्या घरात मी माणसांना जे काही शिकवणार होतो ते सोडून बाकी सगळं तिथं झालं. हिंमतराव आपल्या आठवड्यात झाडाखाली बसून पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या निविदेपर्यंत वाचत. दुकानात गेली तीस वर्षं त्यांनी पेपराचे फक्त पुडे बांधले होते. उंद्रीच्या कलाबाई तर एकट्या आल्या. घरी सोळा माणसांचा स्वयंपाक. पहिल्या दिवशी खोलीत गेल्या आणि झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत दार उघडेना. मंजुश्री घाबरून हाका मारू लागली तेव्हा आतून आवाज आला, "जिवंत हाय वं बाई. बारी माही हाय ना?" सात दिवस ती बाई झोपली आणि जाताना मंजुश्रीच्या गळ्यात पडून रडली. साडेपाचची घंटा मी त्या आठवड्यातच उतरवून ठेवली.

मी काय करत होतो? चाव्या देत होतो, टाकीत पाणी बघत होतो. एकदा एका मुलानं मला ढग दाखवून विचारलं, "काका, हा कोणता ढग?" मी तोंड उघडलं आणि ठराव आठवून मिटलं. त्या पोराला वाटलं असेल, या काकांना काही येत नाही. हे मात्र मला फार लागलं, अजून लागतं.

मे महिना आला. मी आमच्या बावन्न घरांच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना टाकली, 'दि. ३१ मे, सकाळी दहा वाजता, वर्ग. विषय विद्यार्थ्यांच्या आवडीनुसार. सक्ती नाही. परीक्षा नाही.' शेवटचे दोन शब्द लिहिताना हात जड झाला होता. उत्तरादाखल चौदा जणांनी हात जोडले, तिघांनी फुलं पाठवली आणि वामनरावांनी सवयीनं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. मग ते पुसलं, पण तोवर सगळ्यांनी वाचलं होतं.

एकतीस मेला मी इस्त्रीची पॅन्ट घालून पावणेदहाला वर्गात गेलो. फळा ओल्या फडक्यानं पुसला, खडूचा नवा डबा फोडला. पारा चव्वेचाळीसवर. दहा वाजले, अकरा वाजले. साडेअकराला वामनराव आले. मी खडू उचलला! ते बाकावर बसले, टोपीनं वारा घेतला आणि म्हणाले, "तुमच्याकडे कूलर नाई का?" नाही म्हटल्यावर पाणी पिऊन निघून गेले. मंजुश्रीनं दोनदा दारातून डोकावून पाहिलं. दीडला जेवायला बोलावलं तर मी म्हटलं, तास चालू आहे. तीन वाजले. मी स्वतःला समजावलं की आता पुरे झालं, वय झालं, लोकांना नकोय तर नकोय. डोळ्यात पाणी आलं, घाम म्हणून पुसलं. आणि फळ्यावरची तारीख पुसायला डस्टर उचललं.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा ऐकू आला. शकूरभाई पुढं, मागं पाच हिस्सेदार, जीवनचा आवाज सगळ्यांत मोठा. मी या माणसांना एकमेकांवर ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. आणि शकूरभाईंचा चेहरा असा उतरलेला कधी पाहिला नव्हता.

भांडण असं होतं. विहिरीत चार फूट पाणी उरलेलं. जीवननं तीनची मोटर काढून साडेसात हॉर्सपॉवरची बसवली. बारी त्याची, दिवस त्याचा, पण त्या दिवशी ती मोटर सगळं ओढून घेई आणि दुसऱ्या दिवशी, जीवननंतर बारी असलेल्या गोपालच्या वाट्याला नुसता गाळ. गोपालचं टमाट्याचं पीक वाळायला लागलेलं. जीवन म्हणत होता, "बारी माही, मोटर माही, चूक काय?" गोपाल म्हणत होता, "चकती फेकून देतो विहिरीत." आणि ती मोटर बसवून दिली होती खुद्द शकूरभाईंनी.

"सर," शकूरभाई म्हणाले, "वीस वरसं मी दिवस वाटले. पाणी वाटाचं मले येत नाई. माही अक्कल इथं सरली. चकती बरोबर हाय, इन्साफ बरोबर नाई. विहिरीत पाणी किती हाय हे मोजता येते म्हणतात. आम्हाले शिकवा."

आणि ते तहसीलदारांकडे न जाता, पंचायतीत न जाता, माझ्या वर्गात शिरले आणि बाकावर बसले. सहाही जण. आठवीच्या मापाचे बाक, गोपालचे गुडघे छातीला लागत होते.

मी हातातलं डस्टर खाली ठेवलं. मग खडू उचलला आणि म्हटलं, "विहीर कशी असते?"

"गोल," जीवन घुश्शात म्हणाला.

"शाब्बास," मी म्हटलं.

उत्तर मी पाच मिनिटांत काढून दिलं असतं. पण नाही दिलं. दोघांना दोर देऊन विहिरीवर पाठवलं, आतल्या कड्याचा घेर मोजून आणा. सहासष्ट फूट आला. बावीस छेद सात लावलं तर रुंदी बरोबर एकवीस फूट! असला हिशेब पुस्तकाबाहेर मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग एक फूट पाण्याची चकती किती, हे करायला दिलं. जीवननं गुणाकार चुकवला, शकूरभाईंनी शेजाऱ्याचं पाहिलं, मी दोघांना दटावलं. सातवीत शाळा सोडलेल्या गोपालनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. "सर, एक फुटाचे दहा हजार लिटरच्या जवळपास होऊन राह्यले." फळ्याजवळ येऊन करून दाखव म्हटलं. त्यानं करून दाखवलं.

पुढचं त्यांनीच शोधलं. रोज रात्री किती पाणी चढतं, त्यातला एका बारीला किती इंच, आणि विहिरीच्या भिंतीवर खुणा मारल्या की मोटर तीनची असो की साडेसातची, खूण आली की बंद. जीवन फळ्यापाशी जाऊन आपल्या मोटरीचा आकडा पुन्हा करून आला. मग गोपालला म्हणाला, "म्हणजे मी तुहे दर बारीले तीस हजार लिटर नेत होतो?" गोपालनं फळ्यावर त्या आकड्याखाली रेघ ओढली. "मले खरंच माहीत नव्हतं बे," जीवन म्हणाला. "उद्याची माही बारी तू घे, टमाटे पाहा तुहे."

साडेपाच झाले होते. मी म्हटलं, "तास संपला." कोणी उठलं नाही. गोपालनं विचारलं, "सर, विहीर खाली निमुळती असंल तं मंग कसं काढतात?" अहो, शंकुछेद! बत्तीस वर्षांत एकानंही हा प्रश्न विचारला नव्हता. मी तोंड उघडलं तोच दारात गाडी थांबली. डोणगावचे हिंमतराव, सहकुटुंब, सामानासकट. एक जूनला सकाळी सकाळी बारी सुरू होते म्हणून आदल्या संध्याकाळीच येऊन हजर झाले होते.

"मंग उद्या किती वाजता?" शकूरभाईंनी विचारलं.

"उद्यापासून हिंमतरावांची बारी आहे," मी म्हटलं. "ठराव आहे. पुढचा तास आता पुढच्या वर्षी, एकतीस मेला."

हिंमतराव ओशाळले. म्हणाले, "सर, शिकवा की, मी काही म्हणत नाई." पण शकूरभाईंनी मान हलवली. "नाई हो, बारी तुमची हाय. तिच्यात कोणी हात नाई घालाचा."

मग ते उठले, फळ्याजवळ गेले, त्याच्या मागं हात घालून वजनाचा अंदाज घेतला आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "विहिरीवर तं ठराव नाई ना? उचला रे."

सहा जणांनी फळा खिळ्यावरून काढला, खांद्यावर घेतला आणि तिरपा करून दारातून बाहेर काढला. गोपाल ओरडत होता, "हळू, आकडे पुसतीन!" मंजुश्री ओसरीवर उभी राहून पाहत होती. मी चपला घालायला लागलो तर तिनं विचारलं, "आता कुठं निघालात? दुपारी जेवलाही नाहीत."

"तास आहे," मी म्हटलं, खडूचा डबा घेतला आणि त्यांच्या मागं चालू लागलो.